जाळ जास्त झाला

किसन,

तू गेलास त्याला आज चार दिवस झाले आणि ते मला अजून कळलेलं नाही. कंपौंडर म्हणून कळलंय, तुझी नाडी मीच पाहिली. पण परवा सकाळी दवाखान्यात निघालो, तुझं हॉटेल जवळ आलं आणि गेलं वर्षभर करत आलो तसंच केलं. मान फिरवली, पायडल जोरात मारलं आणि पुढं निघून गेलो. देवळापर्यंत पोचल्यावर डोक्यात उजेड पडला की आता मी टाळतोय कुणाला? तिथंच उतरलो आणि भर रस्त्यात सायकल धरून उभा राहिलो. मागून एस.टी. आली. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला, "ओ भाऊ, मरायचंय का?" म्हणाला, तरी माझा पाय उचलेना.

तू मरशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी मरेन असं वाटायचं. थंडी पडली की मला खोकला, ऊन पडलं की पित्त, आणि तुला चौदा वर्षांत साधी शिंक आलेली मी पाहिली नाही. दवाखान्याची पायरी तू चढायचास ती फक्त चहाची किटली घेऊन. डॉक्टर गमतीनं म्हणायचे, "किसनसारखी माणसं असली तर आपण दोघं उपाशी मरू." आता ते काही म्हणत नाहीत. काल एका पेशंटला तपासता तपासता मधेच थांबले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. खिडकीतून तुझी भट्टी दिसते.

द्वादशीची सकाळ होती. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरून त्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत होतो. डॉक्टर शेजारच्या भरे गावी पेशंट बघायला गेलेले. एवढ्यात आपला रघुनाथ शिंपी गळ्यात टेप तसाच टाकून धावत आला.

"भाऊ, चला बिगीनं. हाटेलात किसन पडलाय."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. वाटलं, आता ह्याच्यापुढं जावं लागणार, ह्याच्याशी बोलावं लागणार. हातातली पट्टी मी नीट चिकटवून पुरी केली, बोटं फडक्याला पुसली आणि मग निघालो. अर्धं मिनिट गेलं असेल.

तू भट्टीशेजारी भिंतीला टेकून बसला होतास. "जरा दम लागलाय" म्हणालास म्हणे, आणि बसलास. एवढंच. पडला नव्हतास, ओरडला नव्हतास, कुणाला पाणी मागितलं नव्हतंस. कढईत भोपळ्याच्या फुलांची भजी होती आणि कढई उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. भजी काळी ठिक्कर पडून तेलात फिरत होती. तुझ्या कढईत काही जळलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मी तुझा हात हातात घेतला. वर्षानं घेतला, तोही नाडी बघायला, आणि नाडी नव्हती. दुसऱ्या हाताची पाहिली, मानेची पाहिली, पुन्हा पहिल्या हाताशी आलो. हात गरम होता रे. भट्टीजवळ होता म्हणून गरम होता, हे मला कळत होतं आणि मी ते कळू देत नव्हतो. डॉक्टर येईपर्यंत तसाच धरून बसलो. त्यांनी माझी बोटं तुझ्या मनगटावरून एकेक करून सोडवली.

कारण काय तर हृदय. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. मी तरी दुसरं काय सांगणार होतो कुणाला? पण मी अजून कारण शोधतोय. आदल्या दिवशी काही जड उचललं का, काही बोललास का, छातीत कळ आली होती का, असं सगळ्यांना विचारत फिरतोय. रघुनाथ काल वैतागून म्हणाला, "भाऊ, गेला त्यो. इचारून येनार हाय का माघारी?"

आश्विनातच जायचं सुचलं तुला! हा तुझा महिना. पाऊस गेला, नदीचं पाणी निवळलं, डोंगरावर सोनकीच्या फुलांचा पिवळा शेवट उरला की तुझ्या अंगात वारं शिरायचं. मी पुण्याच्या पेठेतला माणूस. मला पावसाळा आणि उन्हाळा एवढंच ठाऊक होतं, मधे नुसता ऑक्टोबरचा घाम. पौडला नोकरी लागली त्या पहिल्याच वर्षी तू मला पहाटे उठवून, डबलसीट बसवून कोळवणच्या वाटेला घेऊन गेलास. कशाला, ते सांगेनास. एका बांधापाशी सायकल थांबवलीस आणि म्हणालास, "आता गप ऱ्हावा आन् वास घ्या." चहूकडं आंबेमोहर उभा होता, ओंब्या जड होऊन वाकल्या होत्या, दव टपटपत होतं आणि त्या सगळ्यातून शिजलेल्या भातासारखा वास येत होता.

"तुमचं पुनं लई मोठं आसंल भाऊ," तू म्हणालास, "पन तितं भाताला असा वास येतोय का?"

"येतो की. शिजवल्यावर येतो."

"शिजल्यावं कुनाच्याबी येतोय. हितं उभ्याला येतोय."

मी तुला अरे-तुरे करायचो आणि तू मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणालास. मी कितीदा सांगितलं, तू काही ऐकलं नाहीस. मला ते पहिल्यांदा बरं वाटायचं, मग सवय झाली, आणि आता ते बोचतंय.

तुझ्या हॉटेलाचा खरा मेनू आश्विनातच. घरोघरी छपरावर चढलेल्या वेलांची फुलं बायका तुला आणून द्यायच्या आणि तू ती बेसनात बुडवून तळायचास. नव्या भाताचे पोहे कांडून आले की पहिला वाडगा दवाखान्यात. शाळेच्या पटांगणात मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायच्या आणि शेवटी "खिरापत ओळखा" म्हणायच्या, तेव्हा ती कुणालाच ओळखता यायची नाही, कारण ती गुपचूप तू केलेली असायची. एका वर्षी मुलींचं शिऱ्यापासून शंकरपाळ्यापर्यंत सगळं विचारून झालं आणि डब्यातून निघाली मायाळूच्या पानांची भजी. मुली चिडल्या, आणि तू खांबाआड उभा राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होतास. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या टपावर झेंडूचे ढीग चढायचे. दोरी सुटून एखादं गाठोडं तुझ्या दारात फुटलं की तू ती फुलं उचलून हॉटेलाच्या चौकटीला लावायचास आणि वर म्हणायचास, "देवानं आपसूक तोरन धाडलं."

आणि मग कोजागिरी. आपल्या आळीचं दूध तू आणि मी आटवायचो. तेरा वर्षं. देवळातलं मोठं पातेलं, तीन दगडांची चूल, ताम्हिणीच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या कोंडिबा गवळ्याच्या म्हशींचं दूध. जाळ तुझा, मसाला तुझा, साखर तुझी. माझं काम एकच, ढवळायचं. तेही तू मला पहिल्या वर्षी औषध घोटायला शिकवावं तसं शिकवलं होतंस. उलथनं तळाला टेकलं पाहिजे. हात गोल नाही, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, समजा दूध तळाला लागलंच तर खरवडायचं नाही. हात न लावता वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतायचं, म्हणजे करपलेलं तळाशीच राहतं. "तळ ढवळला की समदं नासलं, ध्यानात ठिवा," तू म्हणाला होतास.

त्यात आपलं भांडण चालायचंच. जायफळ आधी की उतरवताना, चारोळी हवी की नको. मी म्हणायचो, जायफळाचं प्रमाण जास्त झालं तर आळी दोन दिवस झोपून राहील, मी मोजून देतो. तू म्हणायचास, "भाऊ, ह्ये मिक्चर न्हाई." जायफळाचा निकाल अजून लागलेला नाही, बरं का. मी म्हणतो उतरवताना. तू बोल ना आता काहीतरी.

आणखी एक गोष्ट तू मला दर वर्षी सांगायचास. "भाऊ, तुमचं तोंड चालू झालं का हात थांबतुया." मी हसण्यावारी न्यायचो. पण खरंच होतं ते. मला बोलायला लागतं. माणसं दिसली की मी माझी पुण्याच्या पुराची गोष्ट काढतो. पाणी कसं चढलं, आम्ही कौलांवर कसे बसलो, शेजारच्यांचं मांजर कसं पाटीत वाहत आलं. आळीतल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. तू तर पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळा व्हायचास.

गेल्या कोजागिरीला शाळेतले नवे गुरुजी आणि त्यांच्या मंडळी आल्या होत्या. त्यांनी गोष्ट ऐकली नव्हती. मग काय विचारता! पाणी उंबऱ्याला लागलं, पाणी जिन्यावर चढलं, आम्ही कौलांवर गेलो. मी हातवारे करून सांगत होतो. हातवारे करायला दोन हात लागतात हे माझ्या लक्षात आलं नाही. मांजर पाटीत बसलं आणि मला वास आला.

घाबरलो. कुणाला कळायच्या आत सावरावं म्हणून उलथनं घेतलं आणि सगळा जोर लावून तळ खरवडला. तू जे करू नको म्हणून तेरा वर्षं सांगत होतास, नेमकं तेच केलं. तपकिरी खपल्या वर आल्या आणि वीस लिटर दुधात पसरल्या. लोकांनी पहिला घोट घेतला आणि तोंडं वाकडी झाली. लहान पोरांनी तर सरळ थुंकलं.

रघुनाथ म्हणाला, "भाऊ, दूध लागलं जनू?"

आणि मी, किसन, मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझ्याकडं बोट केलं. "मी काय करणार? ह्यानं जाळ किती लावलाय ते बघा."

चुलीत जाळ नव्हताच. अर्ध्या तासापूर्वीच तू लाकडं ओढून घेतली होतीस, खाली नुसते निखारे होते. ते तुला दिसत होतं आणि मला दिसत होतं. चुलीपाशी उकिडवा बसून तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता हा बोलणार. सगळी आळी तुझ्या तोंडाकडं बघत होती. तू हातातलं लाकूड बाजूला ठेवलंस, उठलास, गुडघे झटकलेस आणि म्हणालास,

"व्हय. जाळ जास्त झाला."

का म्हणालास? वर्षभर मी हाच विचार करतोय. नव्या गुरुजींच्या पुढ्यात माझी लाज राखायला? का तेरा वर्षांची मैत्री एका पातेल्यावरून तुटू नये म्हणून? मग ती तुटली ती कुणामुळं? तू त्या वेळी दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी दुसऱ्या दिवशी येऊन पाय धरले असते. माझ्या पापावर तू पांघरूण घातलंस, आणि नंतर मला ते काढताच येईना.

तुझ्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून मी रागावलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. तू नुसता समोरून आलास तरी वाटायचं, हा आता सांगणार, ह्यानं सांगितलं असणार. तुझ्या दारावरून मान फिरवून जायला लागलो. लोक तुला चेष्टेनं 'करपे' म्हणायला लागले. "काय करपे, चहा तरी बरा हाय का?" असं तुझ्या हॉटेलात, तुझ्या बाकावर बसून म्हणायचे आणि तू हसून कप पुढं करायचास. हे मला दवाखान्याच्या खिडकीतून ऐकू यायचं. मी औषध घोटत राहायचो.

गणपती झाल्यावर तू भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांची बशी पाठवलीस, वर्तमानपत्रानं झाकून. मी ती तशीच परत धाडली. "भाऊंचं पोट बरं नाही" असा निरोप दिला. कागदावर तेल अजून पसरायचं होतं, इतकी गरम होती.

नवमीच्या भंडाऱ्याला मंडळानं पिरंगुटचा आचारी आणला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. "किसनचा हात आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई" असं बैठकीत कुणीतरी म्हणालं, आणि त्या बैठकीला मी होतो. एका वाक्यानं ते मोडता आलं असतं. मी चष्मा पुसत बसलो. भंडाऱ्याच्या पंगतीत तू पत्रावळ पुढं घेऊन बसला होतास आणि मी तुझ्यापासून चौथा. आमटी खारट होती. तू वाढप्याला म्हणालास, "ब्येस झालीय." त्या आचाऱ्याची लाज तू राखलीस ती मी पाहिली, तरी उठून तुझ्यापाशी आलो नाही.

आणि दसरा. संध्याकाळी सीमोल्लंघन करून सगळे सोनं द्यायला घरोघर फिरत होते. मी खिडकीतून तुला येताना पाहिलं. धुतलेला सदरा, टोपी, हातात आपट्याची पानं. बायकोला, सुमनला, मी हातानं खूण केली. ती बिचारी दारात जाऊन म्हणाली, "ते घरात नाहीत." माझ्या चपला दारात होत्या, किसन. सायकल भिंतीला टेकलेली होती. बाहेर गेलेला माणूस अनवाणी जातो का? तू चपलांकडं बघितलंस, मला दिसलं. तरी म्हणालास, "असू द्या वयनी. आल्यावं सांगा, किसन येऊन गेला." आणि पानं सायकलच्या सीटवर ठेवून, उडू नयेत म्हणून वर एक खडा ठेवून गेलास.

दुसऱ्या दिवशी ती मी खिशात टाकली. ठरवलं होतं की कोजागिरीच्या आधी येतो, सोनं देतो, बोलून टाकतो. चार दिवस हातात होते. तुझी नाडी बघताना वाकलो तेव्हा ती पानं खिशात चुरचुरली.

चतुर्दशीला आम्ही तुझी राख सावडून आलो. काल सकाळी आळीनं ठरवलं, यंदा कोजागिरी नाही. कुणी हरकत घेतली नाही. आणि चारच्या सुमारास ताम्हिणीकडची गाडी आली. कोंडिबा टपावर चढला आणि त्यानं दुधाचे दोन कॅन खाली घेतले. त्याच्या डोंगरात कुठला निरोप आणि कुठली तार? त्याला ठाऊकच नव्हतं. कुलूप लावलेल्या हॉटेलाकडं बघून त्यानं मला विचारलं, "किसन कुटं हाय?"

मला सांगता येईना. मी, ज्याला गप्प बसता येत नाही तो, नुसता बघत राहिलो. शेवटी रघुनाथनं सांगितलं. कोंडिबा मटकन कॅनवरच बसला. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ ते उलगडत आणि गुंडाळत राहिला.

"आसं कसं व्हईल?" तो म्हणाला. "माळ बसली त्या दिशी तर आला व्हता माझ्याकडं. डोंगर चढून आला. म्हनला, कोंडिबा, औंदा दूध चांगलं दे. औंदा बी आमीच आटवनार. मी आन् भाऊ."

मी आणि भाऊ. घटस्थापनेला. मी तुझ्या दारावरून मान फिरवून जात होतो तेव्हा.

दूध परत न्यायचं की काय करायचं, असं बोलणं चाललं होतं. हॉटेलामागच्या घरातून पारूवहिनी दारात आल्या. चार दिवसांत त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. उंबऱ्याच्या आत उभ्या राहूनच म्हणाल्या, "माघारी न्हेऊ नगा. त्येनी सांगितलेलं दूध हाय. आटवा."

"पर कुनी आटवायचं?" रघुनाथनं विचारलं.

"भाऊ हायेत की."

देवळातून पातेलं आणलं. दगड मांडले. लाकडं मीच लावली आणि तुझ्यासारखी थोडी मागं ओढून ठेवली. साखर घातली नाही, वेलदोडा नाही, जायफळही नाही. सुतकाच्या दारात गोड कशाला? नुसतं दूध. ऊन डोंगराआड गेलं, मी उलथनं तळाला टेकवलं आणि आठाचा आकडा काढायला लागलो. आळी हळूहळू गोळा झाली. कुणी सांगितलं नव्हतं, आपापले कप घेऊन आली. बोलत मात्र कुणी नव्हतं. दर वर्षी ह्या वेळी मी पुरात असायचो.

दूध उकळून खाली बसलं तेव्हा मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

मान वर केली नाही. पातेल्यात बघतच सांगितलं. गेल्या वर्षी जाळ जास्त झाला नव्हता. चुलीत जाळच नव्हता. मी गोष्ट सांगत होतो आणि माझा हात थांबला. दूध लागलं ते माझ्यामुळं, आणि खरवडून नासवलं तेही मीच. किसननं काही केलं नव्हतं. नाव त्याचं घेतलं ते मी, आणि त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं ते माझ्यासाठी. वर्षभर तुम्ही त्याला करपे म्हणालात, भंडारा त्याच्याकडून काढून घेतलात, आणि मी ऐकत बसलो. दसऱ्याला तो माझ्या दारात आला तेव्हा मी घरात होतो.

एवढंच होतं. पुराच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ लहान निघाली.

नवे गुरुजी खाली बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "आता सांगून काय उपेग?" आणि कप घेऊन निघून गेलं. मी त्याला दोष देत नाही. उपयोग नाहीच काही. माझा आवाज फाटला, डोळ्यांपुढं पातेलं दिसेनासं झालं, मी पुढं काही बोलणार होतो, तुझं नाव घेऊन काहीतरी.

"भाऊ, ढवळा," उंबऱ्याआडून पारूवहिनी म्हणाल्या. "बोलताना तुमचा हात थांबतुया. त्येच सांगायचे मला."

मी खाली बघितलं. हात थांबला नव्हता. मी सांगत होतो तेवढा सगळा वेळ तो फिरत होता, तळाला टेकून, आठाच्या आकड्यात.

चंद्र डोंगरावर आला तेव्हा दूध उतरवलं. पहिला कप कोंडिबाला दिला. त्यानं घोट घेऊन मान हलवली आणि तोंड दुसरीकडं केलं. मग सगळ्यांना दिलं. बिनसाखरेचं दूध लोक उभ्यानं, गुपचूप प्याले. लहान पोरांनीही थुंकलं नाही. घरी गेलो, खिशातली पानं काढली. पार वाळली होती. ती घेऊन परत आलो आणि तुझ्या हॉटेलाच्या कडीत खोवली. सोनं घे, किसन. उशीर झाला.

पातेलं देवळात परत न्यायचं होतं. घासायला घेण्याआधी मी ते तुझ्या दारासमोर उजेडात आडवं केलं आणि आत वाकून तळ बघितला. हात फिरवून बघितला, कडेपासून कडेपर्यंत.

कुठंही लागलेलं नव्हतं.